दाराची दुसरी फळी

शेतकऱ्याच्या घरातली अडगळ शहरातल्या फ्लॅटमधल्या अडगळीसारखी नसते. तिथे 'हे लागतं का?' असं विचारलं की निम्मं सामान दाराबाहेर जातं. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर कायम 'हो' असंच येतं. फाटकं बारदान कांदे पसरायला लागतं. ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा बादलीच्या कडीला गुंडाळायला लागतो. जुनी साडी गोधडीत जाईल, औताचं लोखंड कधीतरी लोहाराकडे नेता येईल, मोडक्या खाटेचं गात, म्हणजे चौकट, दोडक्याचा वेल चढवायला होईल. आणि यात खोटं काही नाही. माझ्या सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. अशाच साठवलेल्या वस्तूंवर त्यांनी संसार तगवला. 'टाकून द्या' म्हणणारी सून त्यांच्या लेखी उधळी ठरते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

फेंगशुईने, म्हणजे घराची जागा आणि मांडणी बघणाऱ्या चिनी विद्येने, मला वेगळा प्रश्न दिला. वस्तू कामाची आहे की नाही हा वाद बाजूला ठेवा. ती आत्ता कुठे बसली आहे आणि कोणाची वाट अडवते आहे? एवढ्या एका प्रश्नावर चोपडा तालुक्यातलं आमचं जुनं घर मोकळं झालं. संक्रांतीनंतर सुरुवात केली आणि कानबाईच्या सणापर्यंत, म्हणजे श्रावणापर्यंत, बहुतेक काम उरकलं. आमच्यासारखी घरं खान्देशात गावोगाव आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फेंगशुई म्हटलं की आपल्याकडे हसरा बुद्ध, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, दारात किणकिणणाऱ्या नळ्या असलं सामान डोळ्यांसमोर येतं. त्यातलं मी काहीही आणलं नाही. सामान काढायला निघालेल्या घरात नवं सामान कशाला? माझ्या नाशिकच्या बहिणीने या विषयाचा वर्ग केला होता. तिच्या वह्या मी वाचल्या आणि मग मिळेल ते वाचत गेले. या विद्येत नुसत्या घरांचा नाही, पूर्वजांच्या कबरींची जागा निवडण्याचाही जुना विचार आहे, हे मला तेव्हा कळलं. गुओ पू (इ. स. २७६–३२४) या चिनी पंडितांच्या नावावर असलेल्या ग्रंथातला विचार असा, की 'ची' नावाची प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते. म्हणून जागा अशी हवी, की पाठीशी डोंगर असावा, समोर पाणी असावं. तिकडे उत्तरेचा गार वारा अडवायला डोंगर लागायचा. अडगळ काढण्यावरचा भर मात्र बराच अलीकडचा, १९९० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत वाढलेला. म्हणजे मी जे केलं ते सगळं हजारो वर्षांचं प्राचीन ज्ञान आहे असा दावा कोणी करू नये. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उपयोगी पडलं ते घेतलं.

डोंगर आणि पाण्याचं वाचलं तेव्हा मात्र मी माळ्यावर जाऊन खिडकीशी उभी राहिले. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. चोपडा, यावल, रावेर या सगळ्या पट्ट्याची बैठक अशीच आहे. चिनी पंडिताने कागदावर काढावी तशी जागा आपल्या वाडवडिलांनी वसवली आहे. ही गोष्ट सासूबाईंना सांगितली आणि तिथून त्या ऐकायला लागल्या.

पुढची अडचण वास्तूची होती. ईशान्य हलकी, नैऋत्य जड, स्वयंपाक आग्नेयेला, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. होकायंत्राने चालणाऱ्या फेंगशुईत दिशांचे अर्थ वेगळे. दक्षिण तिकडे मानाची, आपल्याकडे यमाची. दोन्ही एका घरात लावायला गेलं असतं तर रोज भांडणं झाली असती. म्हणून मी दिशांना हातच लावला नाही. फेंगशुईचे गुरू लिन युन यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत रुजवलेल्या पंथात घराचा नकाशा दारावरून धरतात. दारात उभं राहून आत तोंड करायचं. लांबचा डावा कोपरा धनाचा, लांबचा उजवा नात्यांचा, मधोमध आरोग्य, दाराच्या बाजूचा मधला भाग कामधंद्याचा. असे नऊ भाग. सूर्य कुठेही उगवो, आपलं दार तिथेच. वास्तू जागच्या जागी राहिली आणि माझंही काम सुरू झालं.

सुरुवातीला एक युक्ती फार कामाला आली. घरातल्या सत्तावीस वस्तू जागेवरून हलवायच्या. टाकायच्या नाहीत, नुसत्या हलवायच्या. नवाच्या पटीत म्हणून सत्तावीस. सासूबाई म्हणाल्या, "नक्षत्रं सत्तावीस." मग त्यांनी स्वतः मोजून काढल्या. तवली, डबे, पाट, भिंतीवरची बंद घड्याळं, देवांच्या जुन्या तसबिरी. टाकायचं नाही म्हटल्यावर त्यांचा हात मोकळा झाला. आणि गंमत म्हणजे हलवलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच परत जागेवर गेल्याच नाहीत. "जाऊ दे, ने भंगारमा," हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माहेर अमळनेरकडचं असल्याने मनापासून बोलल्या की त्या अहिराणीत येतात.

मग दार. फेंगशुईत दाराला 'ची'चं तोंड म्हणतात, ते पूर्ण उघडलं पाहिजे. आमचं दार दोन फळ्यांचं, सागवानी. त्यातली डावी फळी मी लग्न होऊन आले तेव्हापासून बंदच पाहिली होती. तिच्यामागे पाठीवरचा फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, खताच्या रिकाम्या गोण्या, विळे, खुरपी, पावसाळी बूट. हे सगळं ओट्याच्या बाजूच्या खोलीत लावलं, त्यासाठी भिंतीला खुंट्या ठोकल्या. फळी तरीही हलेना. खालची खिटी फरशीच्या भोकात गंजून बसली होती. यांनी तिच्यावर मोटारसायकलचं जुनं ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी पकडीने डावी-उजवीकडे फिरवत फिरवत वर ओढली. भोकातून निघाली दगडासारखी माती, ज्वारीचे दाणे आणि वीस पैशांचं एक नाणं. वरची कडी सुटली तशी फळी कुरकुरत भिंतीला टेकली, आणि बिजागरीवरचे रंगाचे पापुद्रे खाली पडले. त्या दिवशी गहू आला होता. दोघा गड्यांनी पोतं आडवं धरून सरळ आत नेलं. एरवी दारात पोतं तिरकं करायचं, कोणाचं तरी ढोपर खरचटायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं नेमाने करत होतो.

पंपाबरोबर कीटकनाशकाच्या बाटल्याही निघाल्या, काही अर्धवट, काही रिकाम्या. 'रिकाम्या बाटलीत रॉकेल ठेवू' असं पूर्वी आमच्याकडेही म्हटलं जायचं. याबाबतीत मी कोणाचं ऐकलं नाही. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतायचं, मग बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे ती परत कोणी भरणार नाही. भरलेल्या बाटल्या शेतातल्या शेडमध्ये कुलपाच्या पेटीत. जिथे माणसं झोपतात तिथे विष नको, हे कळायला कुठलंच शास्त्र लागत नाही. पण दारामागचा कोपरा उपसला नसता तर त्या तिथेच राहिल्या असत्या, हेही खरं.

आता कापूस. आमच्या भागातल्या बैठकीच्या खोल्या डिसेंबर ते मे कोणाच्या असतात हे खान्देशी माणसाला सांगावं लागत नाही. छताला लागलेली पांढरी गंजी, तिच्या कडेने बसायला एक सतरंजी, पाहुणा आला की तोही कापसाला टेकून बसतो. उन्हं तापली की गंजीतले बारीक किडे अंगावर येतात, हातापायांवर लाल पुरळ उठतं आणि रात्रभर खाजवत बसायचं. सासूबाईंना तर गेल्या उन्हाळ्यात झोप नव्हती. हा कापूस घरात का राहतो? कारण २०२१-२२ च्या हंगामात ज्यांनी थांबवला त्यांना क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला. ते सगळ्यांच्या मनात बसलं. पुढच्या वर्षी सगळ्यांनी थांबवला आणि भाव खाली आला. २०२३-२४ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता आणि व्यापारी त्याच्याच आगेमागे मागत होते.

मी यांना एवढंच म्हटलं, की नकाशाप्रमाणे बैठक आपल्या कामधंद्याच्या जागी येते, आणि तिथे गेली दोन वर्षं फक्त वाट पाहणं साठवलंय. फेंगशुई बघून माल विका असं मी कोणत्याही शेतकऱ्याला सांगणार नाही. भाव हा पोटाचा प्रश्न आहे. यांनी हिशेब मांडला तो वजनाचा. वाळून वजन किती घटतं, ठिणगी पडली तर काय, उंदरांनी किती नासला. होळीच्या आधी गाडी भरली. खोली धुतली तेव्हा फरशीचा हिरवा रंग पाहून माझा मुलगा विचारायला लागला, ही फरशी नवी बसवली का.

घराच्या मध्यावर वास्तू आणि फेंगशुईचं एकमत आहे, तिथे भार नको. एक त्याला ब्रह्मस्थान म्हणतं, दुसरं आरोग्याची जागा. आमच्या मधल्या घरात पत्र्याच्या मोठ्या कोठ्या, एक जुनी कणगी आणि आंदणाच्या भांड्यांची उतरंड होती. कणगीत काहीच नव्हतं. एका कोठीत तळाला थोडी जुनी दादर ज्वारी उरलेली, टोके म्हणजे किडे पडलेली. चालायला भिंतीच्या कडेने बोळ. कोठ्या भिंतीला सरकवल्या, कणगी कोंबड्यांच्या कामाला शेजारी गेली. भांड्यांपाशी मात्र आम्ही अडलो.

तांब्या-पितळेच्या त्या भांड्यांवर नावं घातलेली आहेत. कोणाची सोयरीक, कोणत्या गावचे मामा, कोणी काय दिलं, सगळं टोच्याने कोरलेलं. 'वापरत नाही' हे कारण इथे अपुरं आहे, आणि माझ्या मते चुकीचंही. भांडं हे नात्याचं कागदपत्र आहे. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्हीच लावा. तुम्ही सांगाल ते कपाटात वर मांडू, दिसेल असं." त्या दुपारभर जमिनीवर बसून एकेक भांडं चिंचेने घासत होत्या आणि नाव वाचत होत्या. एका घागरीवर येऊन थांबल्या. "हाई मनी मायनी दियेल शे," ही माझ्या आईने दिलेली, म्हणाल्या आणि ती बाजूला ठेवली. अशी थोडीच बाजूला निघाली. ज्यावरची नावं त्यांनाही आठवेनात ती मोडीत देऊन मोठी परात घेतली, घरात कार्य असलं की ती शेजाऱ्यांकडून आणावी लागायची. उरलेली त्यांनी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबवली. आखाजीला नणंदा माहेरी आल्या, झोके झाले, आणि संध्याकाळी सासूबाईंनी दोघींपुढे भांडी मांडली. मोठ्या ताईंनी हंडा घेतला, धाकट्यांनी बंब मागितला. वाटणी मरणानंतर व्हावी आणि तीही भांडणाने, हे मी आजूबाजूला खूप पाहिलंय. देणारीच्या हाताने, तिच्या डोळ्यांदेखत, सणाच्या दिवशी भांडी गेली. सगळ्या कामात मला याचंच सर्वांत मोठं समाधान आहे.

लांबचा डावा कोपरा, म्हणजे धनाचा. तिथे आमच्याकडे पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग आणि जळालेली पाण्याची मोटर होती. हे ऐकल्यावर सासूबाईच म्हणाल्या, आज कर. गॅस आल्यापासून पऱ्हाट्या फक्त पाणी तापवायला लागतात, त्या परसात पत्र्याखाली गेल्या. ढिगातून विंचू निघाला, तेव्हा या कोपऱ्यात मुलं चेंडू शोधायला जायची हे आठवून माझे हातपाय गार पडले. मोटरचं तांबं भंगारवाल्याने वेगळं तोलून घेतलं. बिघडलेली वस्तू एक तर दुरुस्त करावी नाही तर काढावी, तशीच ठेवू नये, हा फेंगशुईचा नियम मी आता पाळतेच. घरात चालतो तो मिक्सर, बंद पडला तो दुरुस्तीला. मधली अवस्था नाही.

पलंगाखाली काही ठेवू नये असंही सांगतात, झोप लागत नाही म्हणून. आमच्या खाटांखाली लसूण-कांदा असतो, तो हवेशीर ओट्यावर जाळीत टांगला. नानांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पलंगाखाली पत्र्याच्या पेट्यांत कागद होते. नाना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या पेट्या कोणी उघडल्या नव्हत्या. बी-बियाण्यांच्या पावत्या, लग्नपत्रिका, वीजबिलं, सोसायटीच्या कर्जाच्या चिठ्ठ्या, सगळं एकत्र. इथे घाई करू नका. खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार, मोजणीचा नकाशा, कर्ज फिटल्याचा दाखला, हे एका फाइलीत घालून गोदरेजच्या कपाटात. सातबाऱ्याचे जुने उतारे ढिगाने होते. चालू उतारा आता डिजिटल सहीचा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो, त्यामुळे अलीकडच्या झेरॉक्स प्रती काढून टाकल्या. हस्तलिखित जुने उतारे मात्र ठेवले, चार पिढ्यांची नावं त्यांत सलग वाचता येतात. एका पावतीमागे नानांनी पेन्सिलीने लिहिलेला केळीचा हिशेब होता, रोपं किती, घड किती, वाहतूक वजा. तो यांनी घडी करून पाकिटात ठेवला. मी काही बोलले नाही.

एक नियम मी मुद्दाम मोडला. पुढचं दार आणि मागचं दार समोरासमोर असू नये, 'ची' सरळ आरपार निघून जाते, मध्ये पडदा किंवा कपाट ठेवावं असं सांगतात. आमच्याकडे दोन्ही दारं एका रेषेत आहेत. जिथे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तिथे दुपारी झळांसाठी सगळं बंद ठेवावंच लागतं, पण रात्री या आरपार वाऱ्याशिवाय जगणं नाही. गार वारा अडवणाऱ्या मुलुखातला तो नियम आहे. जुन्या गवंड्याने ती दारं समोरासमोर ठेवली ती उगाच नाही. यंदा दुसरी फळी उघडल्यावर वैशाखातही मधल्या घरात पंख्याशिवाय जेवता आलं. 'ची' म्हणजे नेमकं काय यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. पण घरात काय वाहतं आणि कुठे अडतं हे पावलागणिक तपासायची सवय मला या विद्येने लावली.

माळा शेवटी घेतला. गंजलेल्या टाकीचा कूलर, मुलांची पुस्तकं, पाळणा. आणि बैलांचा साज. घुंगरमाळा, झुली, बाशिंगं, रंगीत गोंडे. ट्रॅक्टर आल्यावर बैल विकले, साज राहिला. चामडं कडक झालं होतं, घुंगरांवर हिरवा थर. यावर सासूबाईंनी कोणाला विचारलं नाही. माळ्यावरून खाली आणायला लावला, तेलाचा हात फिरवला, आणि पोळ्याच्या आधी आमच्या चुलत दिरांकडे, ज्यांच्या दावणीला अजून जोडी आहे, तिथे स्वतः पाठवून दिला. एक घुंगरमाळ ठेवून घेतली, ती पुढच्या दाराला आतून बांधली आहे. दुकानातल्या किणकिणणाऱ्या नळ्यांची मला आता कमी वाटत नाही.

कानबाईला, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे रोटांच्या जेवणाला सगळी भाऊबंदकी जमते. दरवर्षी कानबाईआधी चुना मारायला सामान ओट्यावर काढायचं आणि तसंच परत भरायचं, असं चालायचं. यंदा भिंती अर्ध्या वेळात झाल्या आणि पंगत मधल्या घरात एका ओळीत बसली.

सासूबाईंची एक पेटी आम्ही उघडलेली नाही. ती त्यांच्या खाटेखालीच आहे, नियमात बसत नसली तरी तिथेच राहील. माळ्याची उत्तरेकडची बाजू बाकी आहे. नवा कापूस मात्र बैठकीत आणायचा नाही असं ठरलंय. बैल गेल्यापासून गोठा रिकामाच आहे. खाली लाकडी फळ्या, वर ताडपत्री आणि गळणारे पत्रे बदलले की गंजी तिथे राहील. पत्र्यांचा भाव काढून आणलाय, पहिल्या वेचणीच्या आत ते काम करायचं आहे.